जादा बाबींचा हिशेब

क्रूझचे तिकीट काढून रक्कम अदा केली म्हणजे व्यवहार पुरा झाला, असे समजणाऱ्या उतारूचा भ्रम फार दिवस टिकत नाही. खिडकी नसलेल्या आतल्या केबिनऐवजी समुद्राकडे खिडकी असलेली, तिच्याऐवजी बाल्कनी असलेली, आणि बाल्कनीवालीऐवजी स्वतंत्र दिवाणखान्यासह प्रशस्त स्वीट, अशी दर्जांची चढती भाजणी. त्याखेरीज पेयांचे पॅकेज, वायफाय, तिकिटात अंतर्भूत असलेल्या भोजनगृहाहून निराळ्या भोजनगृहातील जेवण, मसाज, बंदरोबंदरीच्या सहली आणि जहाजावर इतरांच्या आधी चढण्याचा मान, अशी जादा बाबींची लांबलचक फर्द त्याच्यापुढे पुनःपुन्हा मांडली जाते. काही कंपन्या तर वरच्या दर्जाच्या शिल्लक केबिनींसाठी उतारूंकडून चक्क बोली मागवतात. यांपैकी कोणत्या बाबीवर पैसे खर्च करणे योग्य, हा प्रश्न वरकरणी काटकसरीचा दिसतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा काटकसरीच्याच भाषेत दिले जाते: दिवसाकाठी इतके पेले होत असतील तर पॅकेज किफायतशीर, होत नसतील तर बुडीत. मला मात्र हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचा वाटतो, आणि त्याची उकल करण्याची हत्यारे अर्थशास्त्राच्या पुस्तकांपेक्षा आपल्या नैयायिकांपाशी अधिक धारदार सापडतात, असे माझे मत आहे.

न्यायवैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला, आणि तो मानताना एक मार्मिक अट घातली. ज्या वस्तूचा अभाव असतो तिला ते प्रतियोगी म्हणतात, आणि प्रतियोगीच्या ज्ञानावाचून अभावाचे ज्ञान होत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. ज्याला घट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला रिकाम्या जमिनीकडे पाहून 'येथे घट नाही' असे कधीही कळणार नाही. त्याला केवळ जमीन दिसेल, आणि ती त्याला पुरेशीही वाटेल. हा सिद्धांत पाठशाळेत रुक्ष वाटतो खरा, पण आतल्या केबिनीत झोपणाऱ्या माणसाला तो लावून पाहावा. पलंग, न्हाणीघर, दिवा आणि थंड हवा एवढ्यावर ज्याची रात्र सुखाने जाणार होती, त्याला बाल्कनीचे चित्र आणि तिची किंमत दाखवली की, त्याच केबिनीत एक बाल्कनी नसणे निर्माण होते, आणि तेथून पुढे तो त्या न दिसणाऱ्या बाल्कनीसह प्रवास करू लागतो. खोलीतून काहीही उचलून नेलेले नसते. फक्त प्रतियोगीची ओळख करून दिलेली असते.

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. उत्पत्तीपूर्वीचा तो प्रागभाव, नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधीच नसणे हा अत्यंताभाव, आणि एक वस्तू म्हणजे दुसरी नव्हे हा अन्योन्याभाव. विक्रेत्याचे सारे कौशल्य अत्यंताभावाला प्रागभावाचा वेष चढवण्यात आहे. जी गोष्ट आपल्या जीवनाच्या जमाखर्चात कधी नव्हती आणि जिच्यावाचून काही अडलेही नव्हते, ती जणू आता होण्याच्याच बेतात असून केवळ आपल्या संमतीसाठी खोळंबली आहे, असा भास तो उत्पन्न करतो. त्यातच, जहाजावर चढल्यावर तीच बाब बहुधा महाग पडते, ही वस्तुस्थिती तो विसरू देत नाही. आणि ती वस्तुस्थिती असल्यामुळे त्याला खोटे बोलण्याचीही गरज पडत नाही.

या कौशल्याचा कळस मला दोन ठिकाणी दिसतो. रॉयल कॅरिबियन कंपनीने 2014 साली 'नॅव्हिगेटर ऑफ द सीज' या जहाजाच्या आतल्या केबिनींत 'व्हर्च्युअल बाल्कनी' बसवली. जमिनीपासून छतापर्यंतचा हा पडदा. त्यावर बाहेरच्या समुद्राचे त्याच क्षणीचे दृश्य उमटत राहते. प्रतिबिंबालाही भाडे लावता येते, ही कल्पना आमच्या वेदान्त्यांना सुचली नाही, हे एका परीने बरेच झाले! दुसरे ठिकाण अधिक घरगुती आहे. उतारू जहाजावर चढत असताना, बंदरावर उतरत असताना, किंवा जेवायला बसला असताना कंपनीचा छायाचित्रकार त्याचे चित्र टिपतो, आणि पुढे ती चित्रे विक्रीसाठी मांडली जातात. शेकडो अनोळखी चेहऱ्यांत आपल्या पत्नीचा किंचित डोळे मिटलेला, वाऱ्याने केस विस्कटलेला चेहरा दिसतो, आणि ते चित्र न घेता परत फिरणे म्हणजे तिला तेथे परक्यांत टाकून जाणे, असे काहीसे मनाला वाटू लागते. चित्र विकत घेण्याची इच्छा सकाळी कोणालाही नव्हती. स्वतःच्याच चेहऱ्याचा अभाव माणसाला विकणे, याहून पुढची मजल कोणती असेल?

पेयांच्या पॅकेजची तऱ्हा निराळी आहे. तेथे अभावापेक्षा फलाची आसक्ती काम करते. अनेक कंपन्यांचा शिरस्ता असा की, केबिनीतील एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर दुसऱ्यानेही ते घेतले पाहिजे. म्हणजे नवऱ्याच्या तहानेची पट्टी बायकोवरही बसते. एकदा पैसे भरले की पिणे हे सुख राहत नाही, ती वसुली होते, आणि पोहण्याच्या तलावाकाठी दुपारी तीन वाजता चौथा पेला मागवणारा मनुष्य विलासी नसून हिशेबी असतो. भोगाला कर्तव्याचे रूप देणारी ही तरतूद मला सर्व बाबींत सर्वाधिक केविलवाणी वाटते.

यावर कोणी म्हणेल, तर मग काहीच घेऊ नये, हेच शास्त्र ठरले. तसे ते ठरत नाही. कठोपनिषदातील नचिकेत्याला यमाने हत्ती, घोडे, सोने, दीर्घायुष्य, रथांसह अप्सरा अशी केवढी थोरली फर्द दाखवली आणि त्याने ती नाकारली, हे आपण सारे सांगतो; पण त्याच नचिकेत्याने पहिले दोन वर बिनतक्रार घेतले होते, हे सांगायला विसरतो. पित्याचा क्रोध शमावा, ही इच्छा तो घरून घेऊन आला होता. ती यमाच्या दारात पेरली गेलेली नव्हती. नकार त्याने दिला तो यमाने आपण होऊन पुढे केलेल्या बाबींना. इच्छेचे मूळ कोठे आहे, हे पाहणे हाच विवेक, असे मी या कथेवरून समजतो.

गांधीजींच्या एका प्रवासाला हे लावून पाहावेसे वाटते. जुलै 1914 मध्ये ते कस्तुरबा आणि आपले मित्र हर्मन कॅलनबाख यांच्यासह केपटाउनहून इंग्लंडला तिसऱ्या वर्गाने निघाले. ते फलाहारी असल्यामुळे, तिसऱ्या वर्गाला सहसा न मिळणारी फळे व सुकामेवा त्यांना देण्याची तजवीज कंपनीने केली होती, आणि ती त्यांनी स्वीकारली. हे त्यांनीच आत्मकथेत लिहून ठेवले आहे. त्याच प्रवासात कॅलनबाखांच्या मौल्यवान दुर्बिणीवरून दोघांत रोज वाद होई, आणि अखेर वादाचे मूळच नको म्हणून ती सात पौंडांची दुर्बीण समुद्रात फेकण्यात आली. फळांविषयी गांधीजींशी माझा वाद नाही. ती गरज त्यांची स्वतःची, जहाजाहून जुनी होती. दुर्बिणीची मात्र मला हळहळ वाटते. दूरचे जवळून पाहावे, ही कॅलनबाखांची ओढ कोणा विक्रेत्याने त्यांच्या मनात घातलेली नव्हती. आसक्ती तोडण्यासाठी वस्तू बुडवावी लागली, एवढ्यावरून आसक्ती तुटली असे मला वाटत नाही.

राहिला अन्योन्याभाव. एमएससी कंपनीच्या 2008 सालच्या 'फँटाझिया' जहाजापासून 'यॉट क्लब' नावाचा एक वेगळा विभाग निघाला. 'नॉर्वेजियन' कंपनीच्या जहाजांवर अशा विभागाला 'हेवन' म्हणतात. तेथे स्वतंत्र भोजनगृह, स्वतंत्र विश्रांतिगृह आणि स्वतंत्र तलाव असतो, आणि आत जाण्याचा हक्क केबिनीच्या कार्डावर नोंदलेला असतो. पाणी तेच आणि ऊनही तेच. मोल द्यायचे ते बव्हंशी 'मी म्हणजे ते नव्हे' या भेदाचे. ज्याला गर्दीचा खरोखर त्रास होतो त्याने अवश्य द्यावे. इतरांना ही बाब लवकरच शिळी होते, कारण भेद जाणवण्यासाठी दाराबाहेरची गर्दी सतत आठवत ठेवावी लागते.

शरीर मात्र खोटा अभाव सांगत नाही. ज्याला बोट लागते त्याने जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, कारण हेलकावे तेथे कमीत कमी जाणवतात. आणि योगायोगाने ती केबिन पुष्कळदा स्वस्तही असते. गुडघे धरलेल्या वडिलांसाठी लिफ्टजवळची खोली जादा आकार देऊनही घ्यावी. त्यांच्यासाठी बंदरावर स्वतंत्र मोटार करावी लागली तर तीही करावी, फक्त कंपनीच्या सहलीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे: कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, स्वतःच्या मोटारीसाठी ते थांबत नाही.

सर्वांत शेवटी दर माणशी दर दिवशी आकारली जाणारी बक्षिसीची बाब येते, आणि विलक्षण गोष्ट अशी की, बाल्कनीला मागेपुढे न पाहणारे लोक नेमकी हीच खोडायला धावतात. आपले अंथरूण रोज घालणारा सेवक महिनोन्महिने घर सोडून आलेला असतो. तो फिलिपिन्सचा असेल, इंडोनेशियाचा असेल, किंवा आपल्याच गोव्याचा तारवटी असेल. आणि तो स्वतः जहाजाच्या पोटात, बहुधा खिडकी नसलेल्या खोलीत, दुसऱ्या कोणाबरोबर राहतो. या एकाच बाबीचा प्रतियोगी आपल्या मनात नाही, तो त्याच्या घरी आहे. जहाजावरील चौकशीच्या खिडकीवर जाऊन ही रक्कम वजा करून घेण्याची मुभा अनेक कंपन्या देतात. वाचकांपैकी जे कोणी जाणार असतील त्यांनी ती मुभा घेऊ नये, आणि पैसे वाचवायचेच असतील तर ते बाल्कनीवर वाचवावेत.