पार्श्वभूमी आणि संमती

ऐतिहासिक कादंबरीची पार्श्वभूमी म्हणजे वाडे, वेशभूषा आणि तत्कालीन भाषेची छटा, हा समज आपल्या समीक्षेत फार रुजला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कोवाडच्या रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखी आहे. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले आणि रमाबाई सती गेल्या. ही घटना निर्विवाद. प्रश्न आहे तो तिच्या अर्थाचा. कादंबरीत दांपत्यप्रेम उत्कट होत जाते आणि सहगमन ही त्याची स्वाभाविक परिणती ठरते. परंतु रमाबाईंच्या सासूबाई गोपिकाबाई १७६१ साली विधवा झाल्या, त्या सती गेल्या नाहीत. त्यांना पुत्र होते. रमाबाई निपुत्रिक होत्या. निपुत्रिक विधवेचे पेशव्यांच्या घरातील स्थान हीदेखील पार्श्वभूमीच, किंबहुना तीच अधिक निकडीची. रमाबाईंचे मन कल्पिण्याचा कादंबरीकाराचा अधिकार मला मान्य आहे. त्यावाचून कादंबरी उभीच राहत नाही. मात्र जगण्याची वाट त्यांच्यापुढे कितपत खुली होती, हे न तपासता त्या मरणाला प्रीतीचे नाव दिले, तर लेखकाने त्यांची संमती परस्पर गृहीत धरलेली असते.