शंभर दिनारांचे देणे

सूत उधारीवर येते, कापड उधारीवर जाते आणि या दोन उधाऱ्यांच्या मधल्या अवकाशात हजारो यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत असतात, अशा भिवंडीत राहणाऱ्या माणसाने मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडला, तर आपण धर्मग्रंथ वाचीत आहोत की एखाद्या पेढीची खातेवही चाळीत आहोत, असा संभ्रम त्याला क्षणभर पडल्यावाचून राहणार नाही. अपराध करणाऱ्या बंधूला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय, असे येशूचा शिष्य पेत्र विचारतो. आणि येशू सातांवर न थांबता सत्तर वेळा सात असे सांगून लगेच एका राजाची, त्याच्या चाकराची आणि त्या चाकराच्या ऋणकोची गोष्ट सुरू करतो. राजाने चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ केले. पण बाहेर पडताच त्याच चाकराने शंभर दिनार देणे लागणाऱ्या आपल्या सोबत्याची मानगूट धरली आणि त्याला कैदेत टाकविले.

या कथेवर प्रवचन करणारे बहुधा शंभर दिनारांची थट्टा करून मोकळे होतात. केवढी राजाची सूट आणि केवढी ही क्षुद्र रक्कम, असा त्यांचा सूर असतो. हिशेब करून पाहिला तर एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. तेव्हा दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली, आणि ती फेडण्याची भाषा कोणीही करू नये हे उघडच आहे. परंतु शंभर दिनार ही रक्कम मात्र थट्टेवारी नेण्यासारखी मुळीच नाही. ती शंभर दिवसांची रोजी आहे. मागावर उभ्या राहणाऱ्या कामगाराची तीन महिन्यांहून अधिक दिवसांची मजुरी कोणी बुडविली, तर त्या घरातील भाडे थकते, वाण्याकडचे खाते बंद होते, गावाकडे पाठवावयाचा पैसा तसाच राहून जातो. येशूने मुद्दाम अशी रक्कम निवडली असावी असे मला वाटते. ज्याची क्षमा करावयाची ते नुकसान खरे आहे, ते ज्याचे झाले त्याला पुरते जाणवलेले आहे, हे त्याला ठाऊक होते. जे मुळात दुखलेच नाही त्याची क्षमा करण्यात कसला पुरुषार्थ?

आणि म्हणूनच, क्षमेचा उपदेश कोणी कोणाला करावा याचाही विवेक पाहिजे. बलवानाने दुर्बळाला, सावकाराने कुळाला, मारणाऱ्या नवऱ्याच्या नातलगांनी त्याच्या बायकोला ‘क्षमा कर’ म्हणून तगादा लावणे ही क्षमेच्या नावाने केलेली सक्तीची वसुली होय. दृष्टान्तातील राजा स्वतःच्या तिजोरीतले माफ करतो. दुसऱ्याच्या तिजोरीतले माफ करण्याचे औदार्य त्याने दाखविलेले नाही. इतकेच काय, सोबत्याला कैदेत टाकल्याचे कळताच त्याने आपली सूट मागेही घेतली.

परंतु बुडविलेले कर्ज आणि विश्वासघात यांत एक फरक राहतोच. कर्ज परका माणूसही बुडवू शकतो. घात मात्र जवळचाच माणूस करू शकतो, कारण दरवाजाची कडी आतून काढणे त्यालाच शक्य असते. यहूदाने आपल्या गुरूची ओळख पटविण्यासाठी खूण निवडली ती चुंबनाची. पुढे त्याला पश्चात्ताप झाला, हे आपण विसरतो. त्याने रुप्याची तीस नाणी परतही आणली. पण ती आणली याजकांकडे. ज्याच्या खात्यावर जमा व्हावयाची त्याच्याकडे न जाता भलत्याच धनकोच्या दारी तो गेला, तेथे ‘आम्हांला त्याचे काय?’ अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले आणि तो गळफासाकडे वळला. पेत्राचा अपराध मला त्याहून फारसा लहान वाटत नाही. अंगणातील शेकोटीपाशी ऊब घेत त्याने आपल्या स्वामीला तीनदा नाकारले. पण पेत्र त्याच माणसापुढे पुन्हा उभा राहिला, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात सरोवराच्या काठी पेटलेल्या निखाऱ्यांजवळ जे घडले ते विचार करण्यासारखे आहे: ‘तुला क्षमा केली’ असे शब्द तेथे उच्चारलेच गेले नाहीत. प्रेमाविषयी तीन प्रश्न झाले आणि तिन्ही वेळा मेंढरे सांभाळण्याचे काम सोपविले गेले. ज्याने विश्वास मोडला त्याच्याच हाती कळप देणे, ही माझ्या मते क्षमेची फारकती लिहून देण्यापेक्षा कितीतरी जोखमीची गोष्ट आहे.

मराठी माणसाला याचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून नारायण वामन टिळकांचे मन पालटत गेले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या चरित्रकारांना तो दिवस सत्यनिष्ठेचा दिसतो आणि तो तसा होताही. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या बाजूने पाहिले तर ज्याच्या हाती आपले सारे आयुष्य दिले त्याने आपल्याला मागे टाकून उंबरठा ओलांडला होता. टिळक आपल्या देवाशी एकनिष्ठ राहिले, त्याची किंमत बायकोने भरली. पुढची काही वर्षे त्या आप्तांच्या आधाराने राहिल्या, आणि मग त्या नवऱ्याकडे परत गेल्या. पण गेल्या त्या आपले सोवळेओवळे बरोबर घेऊन. एका छपराखाली ख्रिस्ती पती आणि आचार पाळणारी ब्राह्मण पत्नी असा संसार काही काळ चालला. त्यांनी आपला मतभेद गिळला नाही, आणि तो निवेपर्यंत संसारही तहकूब ठेविला नाही. पुढे जातिभेद माणसांचा केलेला आहे असे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि त्यानंतर 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा मराठीत ख्रिस्ती क्षमेचा सर्वांत मोठा धडा जिने दिला, तिने तो ख्रिस्ती होण्यापूर्वीच दिला होता, असे म्हणण्यास प्रत्यवाय दिसत नाही. धर्मशास्त्री मंडळींनी यावर काय ते भांडावे. टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. ज्या ख्रिस्तासाठी टिळकांनी त्यांना एकदा दूर केले होते त्याचीच कथा त्या लिहीत होत्या.

दोन माणसांमध्ये जे साधते ते गावाला साधेल काय, हा प्रश्न भिवंडीला टाळता येत नाही. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून पेटलेला दंगा आणि 1984 च्या मे महिन्यातला दुसरा दंगा यांत परक्यांपेक्षा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांचा घात केल्याची जखम खोल गेली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने 1970 च्या प्रकाराची तपशीलवार चौकशी केली. तिची गरज होती, कारण कोणी काय केले हे नोंदल्याशिवाय क्षमा करावयाची तरी कशाची? मात्र मेलेल्यांच्या वतीने क्षमा करण्याचे मुखत्यारपत्र कोणाजवळच नसते, आयोगाजवळ नसते आणि चर्चजवळही नसते.

1988 साली पोलीस उपायुक्त म्हणून येथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या तेव्हा त्यांनी कोणालाही क्षमा मागावयास वा करावयास सांगितले नाही. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांसह एकत्र बसू लागली, नळाच्या पाण्यापासून कचऱ्यापर्यंतची गाऱ्हाणी मांडू लागली, आणि ज्यांच्यावर एकमेकांचा भरवसा उरला नव्हता त्यांच्यावरच एकमेकांच्या गल्लीची शांतता सांभाळण्याची जबाबदारी आली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांना येणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनातून 1984 गेले होते, हे त्यांना कोणी विचारले नाही. सरोवराच्या काठी पेत्रालाही त्या रात्रीच्या शेकोटीचा जाब कोणी विचारला नव्हता.