बोलणे कशासाठी?

गावात कोणी मयत झाले की पाहुण्यांच्या गावी सांगावा नेण्याचे काम आपल्या वाडवडिलांकडे होते. रात्र असो, पाऊस असो, निघायचे. अंगणाबाहेर उभे राहून निरोप सांगायचा आणि परत फिरायचे. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले आणि ही वेठही गेली.

असा दिवसरात्र निरोप वाहणारा समाज मुका कसा? तरी १९२० साली बाबासाहेबांनी पाक्षिक काढले ते 'मूकनायक' याच नावाने. दुसऱ्याचा निरोप पोचविणे म्हणजे बोलणे नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

मग बोलणे कशासाठी असते? मीठ संपले, एस. टी. किती वाजता, हे गरजेपुरते झाले. पण 'जयभीम' या शब्दात कोणती बातमी आहे? काहीच नाही. तरी समोरच्याने उत्तर दिले नाही तर मनाला लागते. 'जोहार मायबाप' म्हणताना मान वाकत असे आणि जोहाराला जोहार परत मिळत नसे. जयभीमला जयभीम मिळतो. तू आणि मी एका उंचीचे, एवढेच त्यात सांगायचे असते.

आता उपासकांनी आपल्या घरात कान द्यावा. बाहेर जयभीम, आणि आत? "चहा आण", "पैसे कुठे ठेवले?" हे हुकूम झाले किंवा सांगावे झाले. खोटे बोललो नाही म्हणजे चौथे शील पाळले, असे आपण समजतो. परंतु सम्यक वाचेत चहाडी, कठोर बोल आणि वायफळ बडबड यांपासूनही दूर राहणे येते.

याचा अर्थ नुसते गोड बोलावे असा नाही. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात राजकुमाराच्या मांडीवर तान्हे मूल आहे. त्याने तोंडात खडा घातला तर काय करशील, असे भगवान विचारतात. रक्त आले तरी काढीन, असे तो म्हणतो. दारू पिणाऱ्या भावाला खरे सांगणे हे असेच आहे. मात्र ते करुणेने आणि वेळ पाहून सांगावे लागते. चारचौघांत त्याचा पाणउतारा केला तर खडा तोंडातच राहतो.

नळावरच्या बायकांचे बोलणे वायफळ, असे काही बांधव म्हणतात. मला ते पटत नाही. "जेवलीस का गं?" या प्रश्नात दुसरीच्या भुकेची चौकशी आहे.

माझ्या आजोबांनी कित्येक सांगावे नेले. घरी आल्यावर ते आजीशी काय बोलत, हे तिला विचारायचे राहून गेले.