शेताच्या पोटांतील साक्ष

“जें कोणाचेंच नाहीं तें उचललें, तर ती चोरी कशी?” असा प्रश्न कामतघरच्या एका तरुण स्नेह्यानें परवां वऱ्हाळा तलावाच्या कांठीं आम्हांस विचारला. धातु हुडकणारें यंत्र घेऊन भोंवतालच्या जुन्या शेतांतून तोफेचे गोळे व तरवारीचीं पातीं शोधावीं, असा त्याचा बेत होता. १६५७ सालीं शिवाजी महाराजांनीं कल्याण-भिवंडी घेतली. १७३७ ते १७३९ या काळांत वसईची मोहीम जवळच लढली गेली. तेव्हां भूमीनें कांहींतरी गिळलें असेलच, हा त्याचा तर्क.

मार्च २०२५ मध्यें ‘छावा’ चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाखालीं लोकांनीं रात्रीं विजेऱ्या व अशींच यंत्रें घेऊन मोहरांसाठीं शेतें खणलीं. आमच्या स्नेह्यास द्रव्यलोभ नाहीं, इतिहासाची हौस आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु खड्डा खणणाऱ्याचा हेतु विचारीत नाहीं.

दोष यंत्राचाहि नव्हे. अमेरिकेंत लिटल बिगहॉर्न येथें १८७६ सालीं सेनानी कस्टर आपल्या तुकडीसह मारला गेला. १९८३ च्या वणव्यानें तेथील गवत जळल्यावर संशोधकांनीं याच जातीचीं यंत्रें फिरविलीं; पण सांपडलेल्या प्रत्येक काडतुसाची जागा आधीं नकाशावर मांडली. पुंगळ्यांवरील आघाताच्या खुणा जुळवून एकेक बंदूक रणांत कोठून कोठें सरकली, हें त्यांस ताडतां आलें. तीच पुंगळी कोणीं खिशांत घातली असती, तर ती धातूचा तुकडा होऊन राहिली असती.

१८७८ च्या कायद्याप्रमाणें भूमींत सांपडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. पण वांकड्या शिशाच्या गोळीस दहा रुपये कोण देणार? जेथें हा कायदा मुका होतो, तेथेंच सदसद्विवेकाचें काम सुरू होतें. बखरींत सरदारांचीं नांवें येतात. अनाम पाइकाची साक्ष देणारी कदाचित् ती गोळीच असेल, आणि तीहि ती पडली त्या जागेसहच. मेलेला फिर्याद करीत नाहीं. जन्मास न आलेलाहि करीत नाहीं. ‘कोणाचेंच नाहीं’ असें आपण म्हणतों, तें वस्तुतः या दोघांचें असतें.

“पण येथें यंत्रमागांच्या शेडी व गोदामें उठत आहेत,” तो म्हणाला, “मीं न उचललें तर काँक्रीट गिळील.” हा आक्षेप खोटा नाहीं. जेथें शेत अजून शेत आहे, तेथें साक्ष मातींतच राहूं द्यावी; तिच्या पोटांत ती आपल्या कपाटापेक्षां सुरक्षित आहे. जेथें पायाच खणला जात आहे, तेथें जागा, खोली व दिवस टिपून, मालकास व सरकारास कळवून मगच हात लावावा. वस्तु संग्रहालयांत जावी, दिवाणखान्यांत नव्हे.

यंत्र घेण्याआधीं एक वही घ्यावी, इतकेंच शेवटीं आम्हीं त्यास सांगितलें.