यादीवर मुलीची सही

लातूर-नांदेडकडे सोयरीक जमली की याद होते. दोन्हीकडची जाणती माणसे सतरंजीवर बसतात, कागदाला हळद-कुंकू लागते आणि कुणीतरी लिहायला घेतो: बस्ता कोणी बांधायचा, मांडव कोणाच्या दारी, भांडी कोणाची, मानपानाचा आहेर किती, नवरदेवाच्या अंगावर सोने किती. दोन्हीकडची मने जुळली तर त्याच बैठकीत अक्षताही पडतात. ‘यादी पे शादी’ आपल्याकडे आता नवलाईची राहिलेली नाही. सगळ्यांत मोठा आकडा मात्र, रोख हुंड्याचा, त्या कागदावर सहसा चढत नाही. तो तोंडी ठरतो. आणि जिच्या लग्नाची ही याद, ती मुलगी आत असते. तिची सही कुणाला लागत नाही. हुंड्यावर बोलताना आपण लोभावर बोलतो, मुलाच्या बापाला नावे ठेवतो आणि थांबतो. लोभ आहेच, पण त्याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. मुलीच्या नावाने घरातून पैसा निघतो आणि तो तिच्या हाती कधीच पडत नाही.

प्रेमविवाहाचा देश म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो त्या फ्रान्सचा इतिहास इथे उपयोगी पडतो. एकोणिसाव्या शतकात तिथल्या खात्यापित्या घरांतली लग्ने आईबापच जमवत. मध्यस्थ असत, मुलामुलीची पहिली भेट घडवून आणलेली असे आणि देण्याघेण्याचे बोलणे झाल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नसे. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेप्रमाणे मुलाला वयाच्या २५ आणि मुलीला २१ वर्षांपर्यंत आईबापाची संमती घ्यावीच लागे. हुंडाही होता आणि तो भरभक्कम होता. बाल्झाकच्या कादंबऱ्यांत त्याचे हिशेब पानोपानी भेटतात. पण तो नोटरीपुढच्या करारात लिहिला जाई. राज्यक्रांतीने मुलींनाही वारस ठरवले होते, त्यामुळे हुंडा म्हणजे मुलीच्या वाट्याचाच आगाऊ दिलेला भाग, असा हिशेब धरला जाई. दक्षिण फ्रान्समध्ये रूढ असलेल्या पद्धतीत तर हुंड्यातली जमीन नवऱ्याला सहसा विकता येत नसे, आणि नवरा वारला तर ती बाईकडे परत येई.

हे चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्याच संहितेत बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावे असे कलम होते आणि ते १९३८ पर्यंत टिकले. विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळाला तो १९०७ च्या कायद्याने. नवऱ्याला न विचारता नोकरी धरायची आणि बँकेत खाते उघडायची मोकळीक तर १९६५ साली आली. हुंडा ओसरला त्यामागे पहिल्या महायुद्धानंतरची महागाई होती, तिने ठेवी आणि रोखे मातीमोल केले. आणि मुलींचे शिक्षण व नोकऱ्या होत्या. स्वतःचा पगार हाती आला तेव्हा जोडीदार निवडणे मुलींच्या आवाक्यात आले. आज तिथे निम्म्याहून अधिक मुले लग्नाबाहेर जन्मतात. तो मार्ग आपण धरावा असे मला सुचवायचे नाही. पाहायचा तो क्रम: मालकी आधी आली, निवड मागून.

आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. तरीही सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची वेळ आली की बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात. ‘तुला लग्नात दिलं की’ एवढे एक वाक्य पुरते. लग्नात दिले ते गेले कुठे? सासऱ्याच्या कर्जात, ट्रॅक्टरच्या हप्त्यात, कित्येकदा नणंदेच्या हुंड्यात. ज्या यादीवर तिची सही हवी होती तिथे कुणी मागितली नाही, आणि जिथे सही केल्याने वाटा जातो तिथे मात्र तिला गाडी करून नेले जाते. लग्नात द्यायची ही सगळी रक्कम कोरडवाहू शेतीतून उभी करायची असते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. असल्या वर्षांतही लग्नाचे दर उतरत नाहीत. पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये, लातूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने बापावरचे ओझे उतरावे म्हणून जीव दिला, आणि तसे चिठ्ठीत लिहून ठेवले.

मुलीला तिचा वाटा द्यावा आणि लग्नातले देणे तिच्या सहीने कागदावर यावे, असे म्हटले की तीन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की बहिणींना वाटा दिला तर जमिनीचे तुकडे होतील. तीन भावांत वाटणी होते तेव्हा ही काळजी कुणाला पडत नाही. आणि हुंड्यासाठी एकर-दोन एकर विकले जाते तेव्हाही तुकडाच पडतो, फक्त तो परक्याच्या नावावर जातो. दुसरा आक्षेप माहेर तुटण्याचा. हा खरा जड आहे, कारण सासरी बिनसले तर बाईला जायला तेवढे एकच दार असते. पण ते दार भावाच्या मर्जीवर उघडते, म्हणूनच तिला ते गमावण्याची एवढी भीती. तिच्या नावावर दहा गुंठे असले तर ती माहेरी आश्रित म्हणून जाणार नाही. तिसरा आक्षेप असा की आकडा कागदावर आणला की हुंड्याला मान्यताच मिळेल. तसे होत नाही. १९६१ च्या कायद्याने हुंडा मागणे, देणे, घेणे हा गुन्हाच आहे. त्याच कायद्याचे सहावे कलम सांगते की हुंडा दुसऱ्या कुणी घेतला असेल तर तो तीन महिन्यांत मुलीच्या हवाली केला पाहिजे. १९८५ च्या नियमांप्रमाणे तर न मागता आलेल्या भेटींचीही लेखी यादी हवी: वस्तू, तिची अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि खाली वधूवर दोघांच्या सह्या. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनेच ठेवायची आहे. यादीची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. ती कायद्याच्या बाजूने वळवायची तर नवे काही शोधून काढावे लागत नाही.

तुळशीचे लग्न लागले की घरोघरी बोलणी सुरू होतील. ज्यांच्या घरी यंदा याद व्हायची आहे त्यांना एवढेच सांगणे आहे: मुलीला बैठकीत बसवा, तिला कागद वाचू द्या, तिची सही घ्या आणि एक प्रत तिच्याजवळ ठेवा. तिच्यासमोर जो आकडा उच्चारता येत नाही तो देऊ नका, घेऊही नका. आणि पुढे सातबाऱ्यावर वारसांची नावे चढतील तेव्हा तिचेही नाव राहू द्या.