सोंग आणि ढोंग



भाताची कापणी झाली की तळकोकणात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेच्या रात्री देवळाजवळ दशावतारी नाटक रंगते. २०२५ साली दिलीप प्रभावळकर यांची भूमिका असलेला ‘दशावतार’ चित्रपट आला, तेव्हा कोकणाबाहेरही या कलेची चर्चा झाली.

या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा पुराणातली असते, कोणी कोणते काम करायचे ते आधी ठरते आणि संवाद मात्र नट पदरचे बोलतात. पायपेटी, पखवाज आणि झांज एवढीच साथ. रंगरंगोटी ज्याची त्याने करायची. राणीचे कामही पुरुषच करतो. सुरुवातीला संकासुर येतो. वेद चोरणारा हा राक्षस, पण तो मालवणीत अशी काही फिरकी घेतो की गाव पोट धरून हसते. शेवटी विष्णूच्या हातून तो मारला जातो. नटांमध्ये शेतावर राबणारे, मोलमजुरी करणारे पुष्कळ असतात. म्हणून म्हण पडली आहे, ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.’

आता प्रश्न असा, की जो राजा नाही त्याने रात्रभर ‘मी राजा आहे’ म्हणणे, हे खोटे बोलणे नव्हे काय? प्रश्न पोरकट वाटेल, पण थोर माणसांनी त्यावर विचार केला आहे. संत ऑगस्टीनने रोशियस या रोमन नटाचे उदाहरण दिले आहे. रोशियस खोटी राणी होतो, तेव्हाच तो खरा नट ठरतो. म्हणजे काही गोष्टी एका अर्थाने खोट्या असल्याशिवाय दुसऱ्या अर्थाने खऱ्या होऊच शकत नाहीत.

तरीही ऑगस्टीनला नाटकाबद्दल एक खंत होती. तरुणपणी तो नाटकातील दुःख पाहून रडत असे. त्या रडण्यात त्याला सुख वाटे, पण कोणाच्याही मदतीला उठावे लागत नसे. ही खंत आपल्यालाही लागू आहे. टीव्हीवरील मालिकेतल्या सासुरवाशिणीसाठी आपले डोळे भरून येतात. शेजारच्या घरातील रडणे ऐकून आपण दार लावून घेतो.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने मात्र सांगितले, की माणसाला विरंगुळा हवा असतो आणि तो मर्यादेत राहून देणाऱ्या नटाचा व्यवसाय मुळात पाप नाही. कारण उघड आहे. खोटे बोलणाऱ्याला समोरच्याला फसवायचे असते. दशावतारात कोणीच फसत नाही. राजा कोणाच्या घरचा आहे, हे सगळ्या गावाला माहीत असते.

येशूने दान, प्रार्थना आणि उपास यांचा देखावा करणाऱ्यांना ‘ढोंगी’ म्हटले. मत्तयच्या शुभवर्तमानातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे ‘नट’. पण येशूचा राग रंगमंचावरच्या नटावर नाही. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून, ‘हे नाटक नाही’ असे भासवणाऱ्यावर तो आहे. मराठीत आपण हा फरक दोन शब्दांत करतो. सोंग सर्वांना ठाऊक असते. ढोंग लपवावे लागते.

येथे कोणी विचारील, ‘फादर, मग घरात काय करायचे? पगार झालेला नसतो, तरी मुलांसमोर हसावे लागते. रुग्णालयात परिचारिका थकलेली असते, तरी गोड बोलते. हेही ढोंगच का?’ मला तसे वाटत नाही. मुखवटा कोणासाठी चढवला, हे पाहावे. आई हसते ती मुलांना धीर यावा म्हणून. परूशी लांब प्रार्थना करतो ती स्वतःचे नाव व्हावे म्हणून. मात्र सावध राहावे लागते. कर्जात बुडालेला माणूस घरच्यांना काळजी नको म्हणून गप्प राहतो आणि एक दिवस सावकारच दारात उभा राहतो. ज्यांना पुढे परिणाम भोगायचे आहेत, त्यांच्यापासून सत्य लपवले तर त्या प्रेमाचेही ढोंग होते. अशा वेळी निदान एका माणसासमोर तरी मुखवटा उतरवला पाहिजे.

म्हणून नाताळच्या नाटिकेत आपल्या मुलाला हेरोदाचे काम मिळाले तर पालकांनी नाराज होऊ नये. गादी जाईल या भीतीने माणूस किती क्रूर होतो, हे त्याला थोडा वेळ आतून कळेल. मग तो तोंड धुऊन आपल्यात येऊन बसेल. आपण मात्र या आठवड्यात एकदा शांतपणे स्वतःला विचारावे: माझ्या चेहऱ्यावरचा कोणता रंग धुवायचा राहून गेला आहे, आणि तो मी कोणासाठी लावला होता?