दर्शनाची मर्यादा

पेडणे महालातून तेरेखोलची खाडी ओलांडून उत्तरेस गेले, की वेंगुर्ल्याच्या पुढे, निवतीसमोर समुद्रात काही उजाड खडक लागतात. त्यांस वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तेथे दीपगृह आहे. एरवी वस्ती ती सुरय आणि पाकोळ्या यांची. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास या वसाहतीविषयी लिहिले होते.

पाकोळी अंधाऱ्या कपारीत आपल्या लाळेने घरटे बांधते आणि स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून काळोखात वाट काढते. परदेशी, विशेषतः चिनी पाकशाळांत अशा घरट्यांचे सार करतात. म्हणून त्यांची चोरी होत आली. घरटे ओरबाडले, की आतली अंडी वा पिले जातातच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने या शतकाच्या आरंभी त्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. चोराविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. आपण काही नेत नाही, केवळ पाहू इच्छितो. परंतु माणूस जवळ गेला, की सुरय अंड्यावरून उठते. तेवढ्या वेळात अंडे उन्हात तापते, किंवा कावळ्याच्या चोचीत जाते. पाहणाऱ्याचा हेतू निर्मळ होता, याचा त्या अंड्यास काय उपयोग? कर्माचा विचार करताना आपण हेतूस थोर मानतो, व ते योग्यच होय. पण हेतूचे पुण्य कर्त्याच्या खाती जमा होते आणि फळ मात्र दुसऱ्यास भोगावे लागते, याची वाट काय?

कोणी म्हणेल, गाभाऱ्याच्या उंबरठ्याबाहेरून दर्शन घेतो, तसेच हे. दाखला सुंदर आहे, पण पुरा लागू पडत नाही. आपल्या जवळ जाण्याने देवास इजा होत नाही. तेथे आपण थांबतो ते आपल्या नम्रतेसाठी. येथे थांबायचे ते दुसऱ्याच्या जिवासाठी. म्हणून येथला उंबरठा आपण ठरवायचा नाही, पाखरांनी ठरवायचा. थवा माना उंचावून सावध झाला, की तो आला असे समजावे.

मग पाहूच नये काय? तसे आम्हांस वाटत नाही. न पाहिलेल्याविषयी माया उपजणे कठीण. हिवाळ्यात मोरजीच्या वाळूवर कुरवांचे थवे दूरदेशाहून येऊन विसावतात. मुले त्या थव्यात धावत सुटतात, आणि वडीलधारी माणसे कौतुकाने छायाचित्रे घेतात! येत्या मार्गशीर्षात जी कुटुंबे तिकडे जातील, त्यांनी दुर्बीण न्यावी, चिवडा टाकू नये, आणि मुलांना वाळूवर घटकाभर स्वस्थ बसवावे. पुष्कळदा मग पाखरेच चार पावले अलीकडे सरकतात.